मामाला नमस्कार नाही

आमच्या मेहुण्याइतका लहान मुलांचा लाडका माणूस सगळ्या पनवेल तालुक्यात दुसरा नसेल, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही, जळून सांगतोय. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. मुलीला पाढे मी शिकवले, शुद्धलेखन मी घालतो. पण कोपऱ्यावर मेहुण्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, की ती वही उघडी टाकून धावते. हा गृहस्थ गव्हाणहून येतो तो पिशवीत कोळंबी, खिशात चिंचा आणि शर्टावर माशांचे खवले घेऊन. सोफा सोडून जमिनीवर फतकल मारतो आणि मुलांशी इतक्या गंभीरपणे बोलतो, की सोसायटीच्या सेक्रेटरीशीही कोणी बोलत नसेल. एकदा मुलीच्या बाहुलीला ताप आला म्हणून हा जेवायचा थांबला होता, आणि तेही समोर तळलेलं पापलेट असताना!

कराटेचा क्लास तेवढा माझा होता. मुलगी भित्री, ती धीट व्हावी म्हणून मी शोधलेला. तर पहिल्याच दिवशी हा हजर! हॉलच्या दारात नारळ वाढवायला निघाला. सरांनी अडवलं, तर नारळ त्यांच्याच हातात दिला. "ठेवा सर, कालवनाला होईल."

सरांनी मुलांना जोड्या करून उभं केलं. माझ्या मुलीची लाथ समोरच्या मुलाच्या पोटाला जेमतेम लागली आणि ती लगेच वाकून त्याला हात लावून नमस्कार करायला लागली. पाय लागला की नमस्कार करायचा, हे वळण माझंच. तेवढ्यात त्या मुलाने तिला आडवं केलं. पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार, पुन्हा आडवी.

"अगं, इथे नमस्कार नको!" मी खिडकीतून ओरडलो.

"बाबा, पण पाय लागला ना..." तिचे ओठ थरथरायला लागले. "मला घरी जायचंय. मला परत नाही यायचं."

मी काही बोलायच्या आत मेहुणा चपला काढून मॅटवर पोचला होता. "रडू नको गो बाय. पैले सगले नमस्कार करून घे. मंग तेवढ्या लाता तुज्या हक्काच्या!"

डोळे पुसून मुलीने समोरच्याला नमस्कारांवर नमस्कार घातले. तो बिचारा गोंधळून "खुश रहो" म्हणाला. मग तिने अशी लाथ घातली, की तो मटकन खालीच बसला. मेहुणा हळदीत नाचावं तसा नाचला. मुलगी धावत आली ती त्याच्याकडे. मी खिडकीत हात पसरून उभाच.

परतताना टेम्पोत ती आमच्या दोघांच्या मधे बसून हवेत लाथा झाडत होती. एक माझ्या गुडघ्याला लागली. तिने चटकन हात लावून नमस्कार केला. "सॉरी, बाबा." पुढची मामाच्या बरगडीत सणसणीत बसली आणि ती नुसतीच खिदळली.

"मामाला नाही का नमस्कार?" मी विचारलं.

"मामाला कशाला?"

"बघा दाजी," मेहुणा बरगडी चोळत म्हणाला, "तुमाला मान हाय."

आहे खरा. मी गुडघा हळूच तिच्या पायांच्या आणखी जवळ सरकवला.