लोहगडवाडीचा ओटा

पुणे स्टेशनावर तिकीट काढताना खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "काय आजोबा, लोणावळ्याला हवा खायला?"

"नाही, भांडायला," मी म्हणालो.

तो हसला. माझ्या वयाचा माणूस भांडायला गाडीने जातो हे त्याला खरे वाटले नसावे.

वाचकांपैकी काहींना आठवत असेल, वळवणच्या धरणाचे काम चालू होते त्या काळात मी लोणावळ्याचे एक प्रवासवर्णन लिहिले होते. एका मासिकात ते आले आणि लोकांनी वाखाणले. त्यात आठवड्याच्या बाजाराचे मोठे वर्णन होते. दुकानांपुढच्या ओट्यांवर (दगडी चौथऱ्यांवर) खेडूत ठाण मांडून बसतात, खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट उरत नाही, दुकानदार बिचारे भिडेपोटी सोसतात, हे ओटे काढले तर पेठ मोकळी होईल, असे मी लिहिले. पुढे ओटे खरोखरच एकेक करून निघाले. गेल्या आठवड्यात तळेगावचे एक शिक्षक घरी आले होते. ते कौतुकाने म्हणाले, "तुमच्या लेखाला अजून मान आहे बरं का. पेठेत आता एकच ओटा उरलाय, एका कासारणीचा. रस्ता रुंद करायला तो काढण्याचं चाललंय. कचेरीत तुमचा उतारा मोठ्यानं वाचून दाखवला. येत्या बाजाराच्या दिवशी निकाल आहे."

त्यांना वाटले मला आनंद होईल. पण तो बाजार मी पाहिलाच नव्हता.

मुंबईच्या एका धनिकाच्या बंगल्यात मी तेव्हा उतरलो होतो. पाय मुरगळला होता. बाजाराच्या दिवशी यजमान घोडागाडीतून पेठेत गेले, गर्दीत अडकले आणि संतापून परत आले. व्हरांड्यात श्रीखंड खात त्यांनी जे सांगितले तेच मी स्वतः पाहिल्यासारखे लिहिले. भाषा माझी होती, राग त्यांचा होता. पाहिले कोणीच नव्हते.

गाडीत समोर एक सद्गृहस्थ होते. लोणावळ्यात त्यांनी नुकतेच हॉटेल काढले होते. वडगाव गेले, कान्ह्याची कापून मोकळी झालेली भातखाचरे गेली, कामशेत आले. गृहस्थ बोलतच होते. "लोणावळ्याची जुनी दुकानं का बसली, सांगू? ह्या लोकांना धंदा कळत नाही. कासार, शिंपी, तांबट, सगळे आळशी. विजेची इंजिनं आली, मोटारी आल्या, जग पुढं गेलं, हे आपले ओट्यावर बसून."

गाड्या पूर्वी घाटाची जादा इंजिने जोडायला लोणावळ्याला रेंगाळत आणि तेवढ्यात उतारू पेठेत चक्कर मारून येत, हे खरे आहे. विजेच्या इंजिनांनी ते रेंगाळणे कमी झाले. पण शिंपी आणि तांबट काही रेल्वेच्या उतारूंवर जगत नव्हते. मी म्हणालो, "ते आळशी होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळे म्हणतात. छापूनसुद्धा आलंय पूर्वी."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. मळवलीच्या डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर उन्हात स्वच्छ उभे होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली, म्हणून मी दुसऱ्या खिडकीकडे वळलो.

लोणावळ्याला उतरून पेठेकडे निघालो आणि पहिल्याच वळणावर चपलेचा अंगठा तुटला. रस्ता ऐसपैस होता. दोन मोटारी शेजारून जातील असा. दोन्ही बाजूंना पाट्या: हॉटेल, फोटो स्टुडिओ, गुडदाणीचे (गूळ-शेंगदाण्याच्या वड्यांचे) दुकान, जनरल स्टोअर्स, पुन्हा हॉटेल. त्यांतली निम्मी बंद होती. फळ्या लावलेल्या, फळ्यांवर धूळ. उघड्या हॉटेलात जाऊन मी चहा मागवला आणि मोची कुठे बसतो ते विचारले.

"मोची?" गल्ल्यावरचा माणूस म्हणाला. "आता इथं मोची कुठला?"

"आणि ही बंद दुकानं?"

"ती सीझनपुरती. उन्हाळ्यात बंगलेवाले आले की उघडायची, गेले की बंद. बाकीचं वर्षभर माश्या मारायच्या. आजोबा, चप्पल नवीन घ्या की."

"कुठून?"

त्याने विचार केला. "मुंबईहून," तो म्हणाला आणि आपल्याच उत्तराला हसला. चहा पाणचट होता. हीच ती मोकळी झालेली पेठ. इथे चुडा, पायताण, लुगडे, पितळेचा हंडा, घोंगडी, सगळे बारा महिने मिळत असे. आता उन्हाळ्यात गुडदाणी मिळते आणि एरवी फळ्या बघायला मिळतात.

तुटकी चप्पल हातात धरून एक पाय अनवाणी असा मी पुढे गेलो. पेठेच्या टोकाला माणसांचा आवाज आला. एका बसक्या दुकानापुढे काळ्या दगडांचा लांबट, वाकडातिकडा ओटा होता आणि त्यावर दाटीवाटीने माणसे होती. पावट्याच्या शेंगांच्या पाट्या, हिरड्यांचे गाठोडे, पाय बांधलेल्या कोंबड्या. कडेला एक मोची ऐरण मांडून बसला होता. त्याने काही न विचारता माझ्या हातातली चप्पल घेतली.

दुकानात एक म्हातारी एका पोरीच्या हातात बांगड्या भरत होती. पोरगी ओठ चावत होती आणि म्हातारी तिला बोलण्यात गुंगवत होती. "लगीन झाल्यावर सासू ह्याच्यापरीस जोरात पिळंल बग. हे तर कायच न्हाई." भोवतालच्या बाया हसल्या. तेवढ्यात बांगडी मनगटात गेलीसुद्धा. ही गोदाक्का, ओट्याची मालकीण. निदान कचेरीच्या समजुतीप्रमाणे मालकीण.

मी माझे नाव सांगितले आणि तो लेख माझा आहे हेही सांगितले. हसणे थांबले.

गोदाक्काने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "तुमीच व्हय ते? मला वाचता येत न्हाई. पण तुमचा लेख मला तोंडपाठ हाय. कचेरीत गेलं की वाचून दावत्यात. 'बिचारे दुकानदार'. कोन बिचारं? मी? मी कवा आले तुमच्याकडं रडत?"

"नाही आलात. मी बाजारात आलोच नव्हतो. ऐकीव लिहिलं. तेच सांगायला आलोय कचेरीत."

"लय लवकर आलात," ओट्यावरचा एक उंच म्हातारा म्हणाला. आता सगळे हसले, मला सोडून. हा लोहगडवाडीचा धोंडीबा. "बसा आता. दुपारपत्तुर वेळ हाय. बघा तरी कशावर लिवलं ते."

मी बसलो. मग धोंडीबाने मला जे सांगितले ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणालाही विचारले असते तरी कळले असते. प्रत्येक दुकानाला एक गाव होते. कुसगावचे लोक शिंप्याच्या ओट्यावर बसत, कार्ल्याचे तांबटाच्या आणि लोहगडवाडीचे गोदाक्काच्या सासऱ्याच्या. ओटा दुकानदार बांधत नसे, गाव बांधी. वाडीत नवे घर उभे राहिले की त्या घराने डोंगरातला एक दगड आणून ओट्याला जोडायचा. मग त्या घरातल्या माणसाला बाजारात बसायला हक्काची जागा झाली. त्या घरच्या सगळ्या लग्नांचे चुडे त्याच दुकानातून. ओटा वर्षावर्षाने वाकडा वाढत गेला तो म्हणून.

"तो माजा दगड," धोंडीबाने टाचेने दाखवले. "शेजारचा भावाचा. तो चपटा हाय न्हवं, तो माज्या पोराचा. गेल्या साली घर बांदलं त्यानं."

वाट अडवणारे म्हणून मी ज्यांना हाकलायला सांगितले, तेच त्या पेठेचे गिऱ्हाईक होते. शेंगा विकायच्या, उठायचे आणि पाठीमागच्या दुकानात शिरून लुगडे घ्यायचे. ओटे गेले तशी गावे गेली. दुकाने आपोआप बसली. नंतर आम्ही शिकलेल्यांनी ठरवले की ती आळसाने बसली.

गोदाक्काने भाकरी आणि पावट्याची उसळ पुढे केली. "खा. लेख लिवनारा उपाशी नको मराया माझ्या ओट्यावर. आनि एक गालबोट लागंल." उसळ झणझणीत होती. डोळ्यांत पाणी आले ते तिखटामुळे आले असे मी त्यांना समजू दिले.

दुपारी गोदाक्का, धोंडीबा आणि मी कचेरीत गेलो. रस्त्याच्या कामावरचे अधिकारी तरुण आणि अतिशय सभ्य होते. माझे नाव ऐकताच ते खुर्चीतून उठले. "आपण स्वतः! या, बसा. काय सुंदर भाषा हो आपली! शाळेत असताना वडिलांनी वाचायला लावला होता हा लेख."

"तो खोटा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे थोडी अतिशयोक्ती?"

"नाही. खोटा. मी तो बाजार पाहिला नव्हता. आज पाहिला. ओट्यावर बसतात तेच गिऱ्हाईक आहेत. हा ओटा काढू नका."

साहेबांनी मान हलवली, आजारी माणसापुढे हलवतात तशी. "असं आहे, आपलं वय झालंय. इतक्या वर्षांनी आठवणीत घोळ होतो. लेख लिहिलात तेव्हा सगळं ताजं होतं. वाचताना डोळ्यांपुढे उभं राहतं. न पाहता असं कोणी लिहील का?"

"मी लिहिलं!" मी ओरडलो. "मी! तो मीच!"

"आजोबा, शांत व्हा. पाणी आणा रे."

टेबलावर हात आपटावा असे वाटले आणि मी आपटला. पाण्याचा पेला सांडला. आयुष्यभर माझे लिहिणे लोकांनी खरे मानावे म्हणून मी झटलो आणि आता मी समोर उभा असताना माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा तो छापील कागद त्यांना खरा वाटत होता. त्या तरुणाला तरी काय बोलायचे? कसे विश्वास ठेवायला लावावे हे मीच तर त्या कागदाला शिकवले होते.

"रस्ता तर रुंद करायलाच हवा," साहेब ओले टेबल पुसत म्हणाले. "बंगल्यांकडच्या मोटारी वाढल्यात. उद्या सकाळी माणसं येतील. ओटा फोडून दगड खडीला जातील."

धोंडीबा पुढे होऊन म्हणाला, "सायेब, दगड दुकानाचं न्हाईत. आमचं हायती."

"उद्यापर्यंत घेऊन जा मग. माझी हरकत नाही."

ओट्यापाशी परत आल्यावर धोंडीबाने वाडीच्या लोकांना निकाल सांगितला. रडारड झाली नाही. बायांनी पाट्या रस्त्यावर उतरवल्या. दोघेजण बैलगाडी घेऊन आले. कुठूनतरी पहारी आल्या आणि ओटा नव्या टोकाकडून जुन्या टोकाकडे सुटू लागला. ज्याचा दगड त्याने उचलायचा, आणि ज्याचे कुणी उरले नाही त्याचा शेजाऱ्याने.

मी गोदाक्कापुढे हात जोडले. "मला माफ—"

"माफीबिफी ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "त्यानं गाडी भरत न्हाई. दगड उचला."

मी उचलला. धोंडीबाच्या भावाचा होता, तो भाऊ मागेच वारला होता. छातीशी धरून गाडीपर्यंत नेला. मोची ओरडला, "चप्पल तरी घाला, अंगठा शिवलाय!" पुन्हा आलो, दुसरा उचलला. कुणी मला थांबवले नाही आणि कुणी शाबासकीही दिली नाही. ते बरे झाले.

"आता दुकान?" मी शेवटी विचारले.

गोदाक्का बांगड्यांच्या माळा गोणपाटात गुंडाळत होती. "ते हाटेलवालं कवाचं मागत्यात. देऊन टाकीन. वाडीवाल्यांनी बोलावलंय. गडाच्या वाटंवर वडाखाली बांदत्यात पुन्हा ओटा. दगड जातील तिकडं मी."

"पण तिथं बाजार नाही."

"बाजार न्हाई," ती म्हणाली. "मनगटं हायती."

गाडी मळवलीच्या वाटेला लागली. गोदाक्का दगडांवरच बसली होती, मांडीवर बांगड्यांचे गाठोडे घेऊन. तिने मागे वळून पेठेकडे पाहिले नाही. माझ्याकडे तर नाहीच.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. तळहात सोलवटले आहेत, त्यामुळे हे अक्षर बरे येत नाही. माझा तो जुना लेख कुणाच्या संग्रही असेल तर त्याने तो फाडून टाकावा, ही विनंती. फाडणार नाही हे मला ठाऊक आहे. भाषा चांगली आहे ना.

येत्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी कितीजण लोणावळ्याला हवा खायला जातील. जरूर जा. रस्ता आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, रुंद झाला आहे, मोटार कुठेही अडणार नाही. गुडदाणी घ्या, फोटो काढा. चप्पल तुटली तर मात्र ती हातात धरून तसेच घरी या. शिवून देणारा कुणी तिथे ठेवलेला नाही.