पोरांची आजी

कळंबच्या पुढे, ऊस जिथे संपतो आणि कुसळी गवताचा माळ सुरू होतो, तिथे आमचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. शाळांची मुलं शिबिराला येतात आणि चार-पाच दिवस राहतात. आम्ही काम करणारी सहा-सात माणसं तिथेच राहतो. स्वयंपाक एकत्र, ताट ज्याचं त्याने राखेने घासायचं, विसळलेलं पाणी केळीच्या आळ्यात जायचं. मी पहिल्यापासून तिथे आहे. पहाटे मुलांना माळावर नेऊन चिंकारा दाखवायचं काम माझं, आणि त्या कामाचा मला गर्व होता.

गेल्या वर्षी आमची स्वयंपाकाची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. शिबिर तोंडावर आलेलं. मी निमगाव केतकीहून आईला आणलं. भावाने शेत हातात घेतल्यापासून तीही घरात बसून कंटाळली होती.

आल्या आल्या तिने माळाकडे बघितलं. "ह्या पडीक रानात काय दावतीस गं पोरांना?"

मी समजावत बसले नाही. माझ्या कामाबद्दल तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना एका मुलाने अर्धी भाकरी टाकली. अशा वेळी आम्ही अन्न वाया घालवण्यावर बोलतो, तक्ता दाखवतो. आई त्याच्याशेजारी फतकल मारून बसली, ती भाकरी दुधात कुस्करली आणि म्हणाली, "खा बाबा. चावायला जड जात व्हती, व्हय ना?" त्याने वाटी चाटून पुसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत सगळं शिबिर तिला आजी म्हणू लागलं. माझे सहकारीसुद्धा.

पुण्याची एक मुलगी घरच्या आठवणीने सारखी रडत होती. सकाळी मी दुर्बिणी वाटत होते, तेव्हा आईने तिला ओसरीवर पुढ्यात घेतलेलं दिसलं. तेल लावून, गुंता हळूहळू सोडवत ती वेणी घालत होती आणि कोल्ह्याने मेंढरांच्या कळपात कशी फजिती करून घेतली, ती गोष्ट सांगत होती. आवाज बदलून, हातवारे करून. मी दुर्बीण हातात धरून उभी राहिले. ती गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आईला गोष्टी येतात हेच मला ठाऊक नव्हतं. माझी वेणी शेजारची काकू घालायची, तीही घाईत.

"ताई, आजींना पण माळावर घेऊ या ना," मुलं म्हणाली.

"आजींना काम आहे," मी म्हणाले. ते खोटं होतं.

त्या दिवशी चिंकारा दिसला. एक नर, चांगला जवळून. मुलांनी बघितला आणि धावत परत जाऊन सगळं तिलाच सांगितलं. शेवटच्या दिवशी आम्ही गोल बसून विचारतो, इथून घरी काय न्याल? एकेक जण उठून आजीबद्दल बोलला. माळ कुणाच्या तोंडी आला नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मुलांची बस गेली आणि मी म्हणाले, "आई, पिशवी भर. सोडते तुला घरी."

"दोन दिसांनी दुसरी शाळा येणार म्हनत व्हतीस की."

"बघू आमचं आम्ही."

गाडीवर ती मागे पिशवी मांडीवर धरून बसली होती. निमगावच्या अलीकडे मीच गाडी थांबवली. "मला का नाही सांगितल्यास कधी गोष्टी?"

तिला काही कळेना. मग कळलं. "तुझ्या टायमाला मला उसंत कुठं व्हती? कॅनॉलचं पाणी सुटलं की उसाला पाणी द्यायला, दारं धरायला मीच. तुला पुढ्यात घेऊन बसले असते तर पाण्याची पाळी गेली असती."

"रोज का पाणी होतं?"

"न्हाय," ती म्हणाली. मग उसाकडे बघत म्हणाली, "न्हाय, रोज नव्हतं."

मी गाडी चालू केली. तिने आणखी बोलावं असं मला वाटत होतं.

दुसरी शाळा आली त्या दिवशी ती एसटीने कळंबला उतरली आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर केंद्रावर आली. मी बोलावलं नव्हतं. "पोरं उपाशी ऱ्हातील म्हून आले," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि चुलीकडे गेली. मला आनंद झाला, पण ती पोरांसाठी आली म्हटल्यावर तो लगेच आंबलाही.

तेव्हापासून ती प्रत्येक शिबिराला येते. शिबिर संपलं की पिशवी भरते. या पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शिबिराची बस गेल्यावर मी म्हणाले, "राहा की दोन दिवस. मी आहे ना इथे."

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "तुला चालंल?"

"चालेल."

ती राहिली. भाकरी मी केली, ती तिने नाव न ठेवता खाल्ली. दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो. पावसाचं बोलून झालं, भावाच्या शेताचं बोलून झालं. इतक्यात गेल्या वर्षीच्या त्या पुण्याच्या मुलीचा आईला फोन आला. आईचा चेहरा खुलला. "बोल गं माझे बाय," म्हणत ती फोन घेऊन लिंबाखाली गेली आणि ऊन कलेपर्यंत बोलत राहिली.

मी ताटं घासायला घेतली. तिचं आणि माझं.