घर कोनाचं हाये?

वर्षभर आजारी असलेली आई अंथरुणाला खिळली आणि नांदुऱ्याच्या आमच्या घरी झाडूपोछ्याला विश्वासाची बाई हवी झाली. मी दिवसभर शाळेत शिकवायला जाणार, म्हणजे आईही तिच्याच भरवशावर. एक बाई आली. पदराला हात पुसत ती माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होती, पण नजर आईच्या खाटेकडे होती.

"मॅडम, घर कोनाचं हाये?"

"आईचं."

"मंग त्याईले इचारा नं, मले ठेवाचं का नाई ते."

ती खाटेजवळ जमिनीवर बसली आणि आईच्या तोंडाकडे बघत थांबली. आई म्हणाली, "उद्यापासून येत जाय."

इतका ठाम आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. मी आईला औषध देत होते, भरवत होते. विचारत मात्र काहीच नव्हते.