हात सोडला की जेट स्की का वळत नाही?

माझं अक्षर चांगलं होतं, आणि शाळेत त्यानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं गणितानंही केलं नाही. विज्ञान प्रदर्शन आलं की बाकीची मुलं वायरी जोडायची, बल्ब पेटवायची, नाहीतर जाळून टाकायची. मला मात्र कार्डशीट आणि स्केचपेनं देऊन कोपऱ्यात बसवलं जायचं. आठवीत मी कर्नाळ्याच्या पक्ष्यांचा तक्ता लिहिला. पक्षी बघून आली होती दुसरीच मुलं. परीक्षकांशी बोललीही तीच. मी तक्ता पडू नये म्हणून मागून धरून उभी होते.

नववीत मी ठरवलं, यंदा मॉडेल माझं. तक्ता कुणीही लिहो.

विषय मिळाला शेजारच्या काकूंकडे. नव्वदीची सुरुवात होती, खांदा कॉलनीत नुकतीच केबल आली होती, आणि ज्यांच्या घरी ती होती त्यांच्या घरी आम्ही सगळे असायचो. कुठल्याशा परदेशी चॅनलवर एक माणूस समुद्रात स्कूटर चालवत होता; खाली तिचं नाव आलं, जेट स्की. मागून पाण्याचा फवारा आणि पुढे हा सुसाट. त्या दिवसांत आमच्या नळाला सकाळी जेमतेम पाणी यायचं. पिंप, बादल्या, पातेली, कळशी, सगळं भरून झालं की आईचा जीव भांड्यात पडायचा. तो फवारा बघून ती म्हणाली, "मेल्याला घरी पाणी भरावं लागत नाही वाटतं!" मी मात्र दुसऱ्या दिवशी उड्या मारत शाळेत गेले.

आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई फार हुशार होत्या आणि त्यांचं अक्षर भयानक होतं. फळ्यावर त्यांनी काय लिहिलंय हे पहिल्या बाकावरूनही कळायचं नाही. म्हणूनच तर तक्त्यांसाठी त्या मला हाक मारायच्या. त्यांचा एक नियम होता. प्रकल्पाच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं, नाहीतर प्रकल्प नाही.

"बाई, जेट स्की," मी म्हटलं. "न्यूटनचा तिसरा नियम. पाणी मागे, स्कूटर पुढे."

"ते फुगा सोडूनही दाखवता येतं. तुझा प्रश्न काय आहे?"

"प्रश्न?"

"माहिती पुस्तकात आहे गं. तुला काय कळत नाहीये ते आण. सोमवारपर्यंत आण, नाहीतर धरणाचं मॉडेल करणाऱ्यांचा तक्ता लिहायला घे. ती मुलं मागतायत तुला."

मला रागानं रडू आलं. जी वस्तू मी जन्मात प्रत्यक्ष पाहिली नव्हती, तिच्याबद्दल काय कळत नाही हे तरी मला कसं कळणार?

तरी रविवारी मॉडेल करायला घेतलं. गणपतीच्या मखराचा थर्माकोल होता, त्याची छोटी बोट कापली. कंपाउंडरकाकांनी सलाइनची नवी नळी दिली. स्टुलावर पाण्याची बादली, तिच्यातून नळी खाली बोटीपर्यंत, आणि नळीच्या टोकाला बॉलपेनचं निमुळतं तोंड. कपडे भिजवायच्या टबात बोट सोडली. मागे धार लागली आणि बोट निघाली! नळीचं तोंड तिरकं केलं तर वळलीसुद्धा. मी आईला बोलावलं.

आईनं क्षणभर कौतुकानं पाहिलं. मग तिचा हात आपोआप बादलीकडे गेला आणि तिनं नळीवरची चिमटी आवळून टाकली.

"आई! बंद कशाला केलंस?"

"वाहत होतं."

"अगं, बादलीतलं पाणी टबातच पडतंय!"

"पडू दे. वाहत होतं ना?"

वाहतं पाणी आईला बघवायचं नाही. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणालाच बघवायचं नाही. मी आणखी भांडणार, तेवढ्यात बोट टबाच्या काठावर जाऊन आपटली. अगदी सरळ जाऊन. नळीचं तोंड तर अजून तिरकंच होतं.

मी पुन्हा बोट सोडली आणि आईला म्हटलं, "आता बंद कर." बोट वळता वळता सरळ झाली आणि आपटली. आईलाही मजा वाटू लागली. ती पदर खोचून स्टुलापाशी बसलीच. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ती बोट आपटून आपटून तिचं नाक मोडलं.

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. या बोटीला पाण्यात सुकाणू नाही. मागची धार ज्या बाजूला वळवाल, तिच्या जोरावरच ती वळते. धार थांबली की हँडल नुसतं शोभेला. आणि समोर काही आलं की घाबरलेला माणूस पहिल्यांदा काय करणार? हात सोडणार. आणि स्कूटरसारखंच, हँडलवरचा हात सुटला की वेग गेला, धार बंद.

"म्हणजे भीती वाटली तरी पाणी चालू ठेवायचं?" आईनं विचारलं.

"हो."

"मला नाही बाई जमणार," आई म्हणाली आणि उरलेलं पाणी संडासासाठी बाजूला ठेवायला उठली.

सोमवारी मी प्रश्न बाईंसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सवयीनं कार्डशीट पुढे ओढली, तर बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तू मॉडेलपाशी उभी राहा. तक्ता मी लिहिते." आणि त्या खरंच जमिनीवर मांडी घालून लिहायला बसल्या. त्या दिवसाबद्दल मी आईची ऋणी आहे, आणि बाईंची तर किती आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

परीक्षक आले. मी बोट सोडली, चिमटी आवळली, बोट सरळ जाऊन आपटली.

"वळली नाही की गं. बिघडलंय वाटतं काहीतरी."

"नाही सर, तोच तर प्रश्न आहे," मी म्हटलं आणि बोलत सुटले. एवढी वर्षं गप्प बसून साठलेलं सगळं बाहेर आलं.

"हे सुचलं कसं तुला?"

"आमच्याकडे पाणी कमी येतं, सर."

ते मनापासून हसले. मग त्यांनी मागच्या तक्त्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॉडेल उत्तम आहे. अक्षर मात्र सुधारायला हवं हं."

मी तोंड उघडायच्या आत, शेजारी उभ्या असलेल्या बाई मान खाली घालून म्हणाल्या, "हो सर, सुधारते."