ताईचा कप्तान

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. म्हणजे शेजारच्या सीटवर बसून दिवसभर "आरसा बघा", "क्लच सोडा", "अहो, ब्रेक!" असं ओरडतो. ताप आला तरी मी कामाला जातो, पण घसा बसला की नाइलाज. परवा सकाळी उठलो तर अंग तापलेलं आणि तोंडातून नुसती हवा येत होती. "चला, एक दिवस तरी घरात शांतता," असं म्हणून बायको कामावर गेली. जाताना तिने ताईला फोन केला. ताईला कळवणं म्हणजे तपासणी ओढवून घेणं.

ताई माझी मोठी बहीण. शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शर्ट हातात आला की ती कॉलरची दोन्ही टोकं जुळवून बघते, काजातून बोट फिरवते, बाही उलटी करून शिवण ताणते. एक धागा लोंबताना दिसला तरी शर्ट मागे. शिवणाऱ्या बायका तिला 'कात्री' म्हणतात, अर्थात तिच्या माघारी. घरातही तोच खाक्या, कुणाची भीडभाड नाही. माझ्या बायकोला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "हा तापट आहे, घोरतो, आणि स्वतःचे मोजे याला सापडत नाहीत. बघ बाई, अजून वेळ गेलेली नाही."

ताई खोटं बोलते असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. म्हणूनच गेल्या आठवड्यात तिच्या काखेतल्या गाठीचा रिपोर्ट आला आणि ती फोनवर म्हणाली, "काही नाही रे, साधी चरबीची गाठ आहे," तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याआधी चार रात्री मला धड झोप नव्हती. पण ताईने पास केलं म्हणजे पास. मी पुन्हा विचारलंही नाही.

ती आली तेव्हा मी उशीला टेकून टीव्ही बघत होतो. आमच्या मुलीने कॉलेजला जाण्यापूर्वी एक जुनी मालिका कुठूनशी शोधून लावून दिली होती. ताईने पडद्याकडे पाहिलं आणि ती दारातच थांबली.

"हे काय लावलंयस? बंद कर. तापात डोळे दुखतील."

"ताई, आपली अंतराळयानाची मालिका! जन्मात पहिल्यांदा बघतोय, बघू दे की," मी कुजबुजलो.

लहानपणी माझा सांध्यांचा ताप हृदयावर गेला होता. डॉक्टरांनी अंथरुणातून पाय खाली टाकायला मनाई केली होती. टीव्ही होता वरच्या मजल्यावर, शिंपीकाकांकडे. तिथे आठवड्यातून एकदा ही मालिका लागायची. ताई वर जाऊन बघायची आणि खाली येऊन माझ्या पायाशी बसून सगळी सांगायची. माझ्या पायाची बोटं ही यानाची बटणं. अंगठा दाबला की इंजिन सुरू, मधलं बोट दाबलं की वेग, आणि करंगळी म्हणजे धोक्याची घंटा. पांघरुणावरूनच दाबायची. मी 'घुर्रर्र' करायचो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

तो कप्तान मला आजही तोंडपाठ आहे. कडू गोळ्या तोंड वाकडं न करता गिळणारा, दूध संपवल्याशिवाय यान न हलवणारा. "घाबरलास की आधी हात सैल सोड," असं तो म्हणायचा. स्टिअरिंग आवळून धरणाऱ्या किती शिकाऊंना मी हे वाक्य ऐकवलं असेल! वर ऐटीत सांगायचं, "हे आमच्या कप्तानाचं."

ताई शेवटी खुर्ची ओढून बसली. पहिले तीन भाग आम्ही मजेत पाहिले. यानाच्या भिंतीला रंग दिलेले अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. आपोआप उघडणारं दार ढकलणाऱ्या माणसाची बोटं दिसत होती. "बघ त्याचा गणवेश," ताई म्हणाली, "खांदा उतरलाय. मी परत पाठवला असता." मला हसण्याऐवजी खोकलाच येत होता. कप्तान दूध वगैरे काही पीत नव्हता, पण म्हटलं, पुढे पिईल.

चौथा भाग सुरू झाला तशी ताई उठली. "आता पुरे. सूप गरम करते, ते पी आणि झोप."

"एवढा बघू दे." मी रिमोट पांघरुणाखाली घेतला. ती पुन्हा खुर्चीत टेकली.

भागाच्या शेवटी कप्तान दुरुस्तीसाठी यानाबाहेर गेला. दोर तुटला. तो लांब लांब जात ठिपक्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. पाचवा भाग लावला तर त्याच्या खुर्चीत एक मिशीवाला बसला होता.

"हा मेला?" मी विचारलं.

"हो. तेव्हाच मेला."

"आणि मग बर्फाचा ग्रह? ती बोलणारी झाडं? गोळ्या, दूध?"

"जिना उतरताना रचायचे," ताई म्हणाली.

मला रागच आला. चांगला बाप्या माणूस मी, इतकी वर्षं जगभर कुणाचं वाक्य सांगत फिरत होतो? जिन्यातल्या एका पोरीचं! "का पण? सरळ सांगायचं ना, मेला म्हणून."

ताईने पांघरुणाची कड सरळ केली. "त्याच दिवशी डॉक्टर आईला म्हणाले होते, पोराचं काही सांगता येत नाही. मी वरून खाली आले तर तू विचारलंस, 'कप्तान कसा आहे?' काय सांगणार होते मी?"

मला भरून आलं. ताई नाक ओढत खिडकीकडे बघत होती. त्या दिवशीचा तिचा चेहरा मला आठवला. सहज, हसरा, एक सुरकुती नाही. माझ्या पायाशी बसून तिने अंगठा दाबला होता आणि म्हणाली होती, "कप्तान? ठणठणीत आहे!" आणि मी विश्वास ठेवला होता. 'साधी चरबीची गाठ आहे' हेही तिने तसंच, अगदी सहज सांगितलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "तुझा रिपोर्ट काय आलाय?"

ती खुर्चीवरून उठून पलंगावर माझ्या पायाशी येऊन बसली. पांघरुणावरून चाचपत तिने माझी करंगळी शोधली आणि दाबली.

बराच वेळ मिशीवाला एकटाच बोलत होता. मी टीव्ही बंद केला.

"पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे," ताई म्हणाली. "लवकर सापडलंय म्हणतात. आधी सांगितलं असतं तर तू शिकाऊंसकट गाडी झाडावर घातली असतीस."

"मला खरं सांगायचं. आता मी लहान नाही."

"बरं."

"मी रोज येईन दवाखान्यात," मला आवाज फुटत नव्हता, तरी मी बोललो. "हे पुढचे भाग बघून ठेवतो. तुझ्या पायाशी बसून सगळे सांगेन."

ताईने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं, धागा लोंबणाऱ्या शर्टाकडे बघते तसं.

"त्या मिशीवाल्याचं काय करायचंय मला?" ती म्हणाली. "आपल्या कप्तानाचं सांग."