गाडीचं पाणी

गाडी घेतली तेव्हा ती हौस होती. आता ती कटकट आहे, आणि ही कटकट विकूनही टाकता येत नाही. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून आमचं सगळं घर त्या जुन्या चंदेरी गाडीच्या मर्जीवर चालतं. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर नावाच्या भागात राहतो आणि दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मंगळवार आणि शुक्रवार हे आईचे ठरलेले वार. सुरुवातीला रिक्षा करून पाहिली. जाताना ठीक असायचं, पण येताना आईचं बीपी उतरलेलं असतं, तिला बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. एकदा खड्ड्यांतून हादरे खात येताना तिला रिक्षातच उलटी झाली. माझ्या ओढणीनं तोंड पुसत ती म्हणाली, "आता रिक्षा नको गं बया." तेव्हापासून रिक्षा बंद झाली.

म्हणजे गाडी बंद पडली की आईचा वार चुकणार, आणि वार चुकला की तिचे पाय सुजणार, रात्री धाप लागणार. एवढं एका गाडीवर अवलंबून असावं हे बरं नाही, मला कळतं. पण घरात आम्ही तिघं, आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. भाऊ पुण्यात असतो. गाडीनं काही खोड काढली की तो फोनवरून मला व्हिडिओ पाठवतो. त्यातली गाडी स्वच्छ असते, दुरुस्त करणारा माणूस ताजातवाना असतो आणि बॉनेटखाली एवढा उजेड असतो की तिथं बसून पेपर वाचावा.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. गाडीतलं मला काडीचं कळत नव्हतं. पण गळ्यात पडलं की सगळं येतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा भुगा साठला तर त्यावर गरम पाणी ओतायचं आणि टोकं घासून घट्ट करायची. नुसता टक्-टक् आवाज येऊन गाडी चालू झाली नाही तर आधी बॅटरी बघायची, उगाच चावी पिळत बसायचं नाही. ब्रेक करकरले की पॅड गेले. हे सगळं मी एकेक करून, चिडत चिडत शिकले.

पण गरम होण्याचं दुखणं मात्र हाती लागेना. सकाळी गाडी गुण्यागोविंदानं निघायची. नवी पेठेतल्या गर्दीत अडकली की तापमानाचा काटा हळूहळू वर चढायला लागायचा. पुढं हातगाडी, मागं रिक्षा, मधे कुणीतरी दुचाकी लावून साडीच्या दुकानात गेलेलं, आणि मी काट्याकडं बघत बसलेली. अशा वेळी एक उपाय आहे, तोही व्हिडिओतच पाहिला. हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत खेचली जाते आणि काटा जरा उतरतो. उपाय चांगला आहे. फक्त तो शोधणारा माणूस मे महिन्यात भर दुपारी सोलापुरात डायलिसिस झालेली आई मागं झोपवून निघालेला नसावा.

एका शुक्रवारी मी तो केला. चारही काचा खाली घेतल्या तरी बाहेरची झळ आणि आतली वाफ यांत काही फरक नव्हता. आई डोळे मिटूनच म्हणाली, "भट्टी लावलीस का गं?" तिला दिवसाकाठी पाणी मोजूनच प्यायचं असतं, त्यातलं त्या दिवसाचं संपलं होतं. अण्णा पुढच्या सीटवरून मागं वळून टॉवेलनं तिला वारा घालत होते. त्या दिवशी मी इतकी दमले होते की सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, तर हॉर्न वाजला आणि पुढचा रिक्षावाला मला शिव्या देऊन गेला.

विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचा मिस्त्री आहे. बोलायला गोड माणूस. दर वेळी त्याला खात्री असते, आणि दर वेळी वेगळ्या गोष्टीची. आधी म्हणाला, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. "आपल्या हितल्या उन्हात ते कशाला लागतंय ताई, काढूनच टाकतो." काढला. मग पंख्याची मोटर बदलली. मग रेडिएटरचं झाकण. गाडीचा एकेक भाग बदलत गेला आणि काटा होता तिथंच चढत राहिला. शिवाय तो सांगायचा सगळं अण्णांना. गाडी माझी, चालवते मी, पैसे देते मी, पण बॉनेट उघडलं की दोन्ही पुरुष माझ्याकडं पाठ करून आत वाकायचे. मी मागं पर्स घेऊन उभी.

अण्णांना इंजिन कळतं, असा त्यांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी त्यांनी अर्धं आयुष्य विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळलं. त्या इंजिनला थंड ठेवायला विहिरीचंच पाणी फिरवलेलं असायचं. इकडून गेलं, तिकडून निघालं, पाटाला लागलं. शेत वाट्यानं देऊन ते इथं आले ते आईच्या आजारासाठी, आणि फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून रोज सकाळी गाडीचं पाणी बघायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. इंजिन गार असताना झाकण उघडायचं, कमी असेल तेवढं भरायचं, फडक्यानं पुसून काढायचं. गोठ्यात जाऊन आल्यासारखे ते समाधानानं वर यायचे. मला बरं वाटायचं. एक काम तरी माझ्या अंगावर नाही.

ते बादलीनं बोरचं पाणी घालत. दुसरं कुठलं घालणार? सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तेव्हा पिण्याचं भरून ठेवायचं आणि ते जपायचं. बाकी सगळं, आंघोळ, धुणीभांडी, फरशी, बोरवर. पाण्याचा फिल्टर होता, पण कशानं की बिघडला आणि दुरुस्त करायचा राहिला. पिण्याचं पाणी गाडीत घातलं असतं तर मीच ओरडले असते.

शेवटी एकदा मिस्त्रीनं रेडिएटर बाहेर काढला आणि उलटा केला. आतून पांढरे खवले पडले, गिझरच्या कॉइलवर साचतात तसेच. नळ्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. आमचं बोर इतकं जड पाण्याचं आहे की बाथरूमच्या फरशीवर त्याचे नकाशे उमटतात, आणि वर्ष-दीड वर्ष तेच पाणी रोज या गाडीत तापत होतं.

"पानी कुठलं टाकता?" मिस्त्रीनं विचारलं.

"बोरचं की. रोज सकाळी," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी ऐटच होती.

मिस्त्री माझ्याकडं बघून हसला. बहुधा पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं बघितलं. अण्णांना ते कळलं. ते बाजूला जाऊन टायरच्या थप्पीवर बसले.

नवा रेडिएटर बसला, त्यात पाण्याऐवजी हिरवंगार कूलंट भरलं. मिस्त्री म्हणाला, पंपातून जरासं झिरपतंय, पण चालेल, लेव्हल बघत जा. घरी येताना मी अण्णांना एवढंच म्हणाले, "अण्णा, आता बोरचं पाणी अजिबात घालायचं नाही." ते "बरं" म्हणाले आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाईट वाटलं. पण मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाईट वाटणं फार वेळ परवडत नाही.

गाडी सुधारली. नवी पेठेत काटा जागचा हलेना. आई मागच्या सीटवर झोपून घरापर्यंत येऊ लागली. मी दर आठवड्याला बॉनेट उघडून बघायची, तर रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली भरलेलीच. पंप झिरपतोय म्हणाला होता, त्याचं हेही निदान चुकलं म्हणून मी खूश होते.

मग त्या बाटलीतला रंग उतरायला लागला. आधी पोपटी, मग फिका, मग काकडी किसून पिळावी तसा. इंजिनमधलं हेड गॅसकेट फाटून आत काही भलतंच मिसळत असेल का? की मिस्त्रीनंच पाणी मिसळून दिलं होतं? ही दुसरी शंका मला जास्त आवडली. मनातल्या मनात त्याच्याशी मी दोन-तीन भांडणं केली आणि सगळी जिंकले.

त्याच सुमारास घरात आणखी एक बारीक कटकट चालली होती. अण्णांच्या खाटेजवळचा स्टीलचा पेला. त्याच्या तळाशी पांढरं वर्तुळ धरायचं, लिंबानं घासलं तरी पुन्हा तिसऱ्या दिवशी हजर. भांडी घासणाऱ्या बाईंना मी दोनदा बोलले. त्या म्हणाल्या, बाकीची भांडी बघा की ताई. बाकीची भांडी स्वच्छ होती. मी त्यावर पुढं विचार केला नाही. विचार करायला जागा लागते डोक्यात, ती नव्हती.

पाइपलाइन फुटल्यामुळं त्या आठवड्यात नळ आणखी लांबला होता. मंगळवार होता. मिस्त्रीला दाखवायला बाटलीचा फोटो काढावा म्हणून मी उजाडता उजाडता खाली पार्किंगमध्ये गेले. बॉनेट उघडंच होतं. अण्णा वाकून, एका हातानं झाकण धरून, दुसऱ्या हातानं बाटलीत पाणी ओतत होते. हातात त्यांचा तांब्या होता. रोज रात्री पिण्याच्या पाण्यानं भरून मी त्यांच्या उशाशी ठेवते तो.

"अण्णा, हे काय?"

ते दचकले. "बोरचं न्हाय हे," घाईघाईनं म्हणाले. "नळाचं हाय. पेयाचं."

"मग तुम्ही काय पिता?"

ते बाटलीचं झाकण फिरवू लागले. आणि तो पेला माझ्या डोळ्यांपुढं आला, तळाच्या पांढऱ्या वर्तुळासकट.

"मला काय हुतंय," ते म्हणाले. "आमी जल्मभर हिरीचंच प्यालो की."

"आपल्या विहिरीचं पाणी गोड होतं अण्णा. हे जनावर तोंड लावणार नाही असं आहे."

त्यांनी तांब्या रेडिएटरच्या कडेला टेकवला. "तितं दवाखान्यात मशीन चालवनारा पोरगा मला दावत हुता. तुज्या आयच्या मशीनला बोरचं पानी चालत न्हाय. मोठाल्या टाक्या लावून गाळून गाळून घेत्यात. म्हनला, वाईट पानी गेलं तर मानसाच्या जिवावर बेतंल." ते पुढं म्हणाले, "आन् म्या तिच्याच गाडीला बोरचं घालीत हुतो. त्या उनात ती मागं कशी पडली हुती, बगितलंय न्हवं तू?"

मला भयंकर राग आला. कुणावर काढावा ते कळेना. महापालिकेवर, मिस्त्रीवर, त्या बोरवर, की 'बोरचं नको' एवढंच बोलून गप्प बसलेल्या माझ्या स्वतःच्या तोंडावर. आणि मग रागाच्या जागी रडूच आलं, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत.

"अण्णा, त्यात पाणीच घालायचं नसतं. ते हिरवं औषध येतं, तेच घालायचं. कॅन आहे घरात."

"पानीच न्हाय?"

"नाही."

त्यांना ते पटलं नाही, दिसत होतं. पाण्याशिवाय इंजिन, ही कुणीतरी शहरात काढलेली अफवा आहे असा त्यांचा चेहरा. मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. तळाशी पाणी उरलं होतं. "हे आत्ता माझ्यासमोर प्या."

ते प्याले. किती दिवसांनी चांगलं पाणी पोटात गेलं होतं कोण जाणे, गळ्याची घाटी खालीवर होताना मी बघत होते. मधेच थांबून त्यांनी मिशा पुसल्या आणि तांब्यावर हात आडवा धरला.

"पुरं आता. ऱ्हायलेलं गाडीत ठेव," म्हणाले. "वाटंत लागलं तर."

वर आई उठली होती, खिडकीतून हाक मारत होती. निघायची वेळ होत आली होती. मी तांब्या घेतला, त्यावर झाकणी ठेवली आणि पुढच्या सीटखाली, कुणाचा पाय लागणार नाही असा, नीट बसवून ठेवला.