न जोडलेला माउस

गंगापूर रोडवरच्या त्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात तेजलच्या टेबलाखाली एक जाडजूड डेस्कटॉप होता. त्यातून निघालेली यूएसबीची केबल पार्टिशनला पाडलेल्या भोकातून पलीकडे, अश्विन सरांच्या केबिनमध्ये जात असे. तिथे सरांच्या मेजावर पाटीसारखा पातळ पोर्टेबल मॉनिटर उभा होता. तेजल अलीकडे बसून जे काढी, तेच त्यावर उमटे. सरांच्या हाताखाली माउस असे; तो कशालाच जोडलेला नव्हता. समोरच्याला वाटे, सर बोलता बोलताच नकाशा काढतात.

वास्तुकलेची पदविका घेतलेल्या तेजलने ही व्यवस्था आजवर मुकाट्याने पाळली होती. या खेपेस मात्र नकाशा तिच्याच वसाहतीतल्या बुद्धविहाराचा होता, आणि विहार समितीत तिचे वडील भिकन होते. नकाशा आपणच काढल्याचे तिने घरी सांगितले, तेव्हा ते हसले होते. "काढला असशील गं. पण समितीला साहेबांच्या तोंडून कळू दे." ते तोंड आज तिच्यासाठी उघडावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

समिती केबिनमध्ये बसली. तेजल अलीकडून ऐकत होती.

"साहेब, पायऱ्या लय झाल्या," अध्यक्ष सहादूतात्या म्हणाले. "म्हाताऱ्या बायांनी चढायचं कसं?"

तेजलला आईचे, मालनबाईंचे, सुजलेले गुडघे आठवले. सरांच्या सूचनेआधी हात हलवायचा नाही, हा नियम ती विसरली. पायऱ्यांच्या कडेने तिने एक उतार ओढला.

पलीकडून वडिलांचा आवाज आला. "साहेब, तुमचा हात तर चहाच्या कपावर हाय. मग रेघ कशी सरकली?"

"मशीनला माझी सवय झालीय, भिकनराव."

तात्या खूश झाले. "बघ भिकन, याला म्हणतात मोठ्या माणसाचं हापिस. आपल्यातल्या कुणाला दिलं असतं, तर विहाराची पानटपरी करून ठेवली असती."

सगळे हसले. तेजल फक्त वडिलांच्या आवाजाची वाट पाहत राहिली. तो थोडा उशिरा आला.

"खरं हाय, तात्या."

निघताना भिकन तिच्या टेबलाशी थबकले. तिच्या पडद्यावर तोच उतार होता.

"पाहिलं ना, बाबा?"

"पाहिलं." त्यांनी दाराकडे नजर टाकली, बाहेरून तात्या हाका मारत होते. "तुझं नाव सांगितलं, तर हे लोक नकाशाच परत करतील. विहार व्हायचाय, पोरी."

त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. तो चुकीचा असता, तर तिला त्यांना क्षमा करणे सोपे गेले असते. स्वतःच्या माणसांवर अविश्वास ठेवण्याचे शिक्षण त्या माणसांनी इतके मनापासून घेतले होते, की सरांना खोटे बोलायलाही फारसे कष्ट पडले नाहीत.

पार्टिशनवर टकटक झाली. "तेजल, मी बोलेपर्यंत हात हलवायचा नाही."

"हो, सर."

तिने उतार तसाच ठेवून नकाशा सेव्ह केला. कोपऱ्यातल्या चौकटीत सरांचे नाव आधीपासूनच होते. तेही तिनेच टाइप केले होते.